समोरचा 5जी अँटेना, बाबांचा पेसमेकर आणि आईची उडालेली झोप

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. डोंबिवलीत तुमच्या समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर नवीन पांढरे चौकोनी डबे बसलेत, कुणीतरी सांगितलं की हे 5जीचे स्मार्ट अँटेना आहेत, ते माणसाला शोधून त्याच्यावर बीम मारतात. बाबा 76 वर्षांचे, पेसमेकर आहे. आई 71 ची, तिला तेव्हापासून झोप नाही आणि डोकं जड असतं. मोबाइलवर सिग्नलच्या सगळ्या काड्या फुल म्हणजे रेडिएशन जास्त असं बाबांचं म्हणणं. आणि तुम्ही ऑनलाइन एक मीटर आणि फोनला लावायचे स्टिकर मागवायच्या बेतात आहात.

मी आरएफवाला म्हणजे रेडिओ लहरींवर काम करणारा माणूस, मोबाइल नेटवर्क नीट चालवणं आणि नंतर टॉवरचं ईएमएफ म्हणजे रेडिएशनचं मोजमाप यातच नोकरी गेली. डॉक्टर नाही, त्यामुळे तब्येतीबद्दल जेवढं मोजमापाशी जोडलेलं आहे तेवढंच बोलेन, पण तेही बरंच आहे.

आधी तो "शोधतो" वाला भाग, कारण सगळी भीती तिथूनच सुरू झालेली दिसते. अँटेना माणसाला शोधत नाही, फोनला शोधतो, आणि तोही फोनने स्वतःहून आवाज दिला तरच. त्या डब्याच्या आत एक मोठा अँटेना नसतो, छोटे छोटे पुष्कळ असतात, साधारण 192 वगैरे. आपल्याकडे 5जी बहुतेक 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, तिथे लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटर, आणि हे छोटे अँटेना आडवे तिच्या निम्म्या अंतरावर म्हणजे सव्वाचार सेंटिमीटरवर लावलेले असतात. आता समजा तुमचा फोन त्या डब्याच्या समोर नाही तर 30 अंश बाजूला आहे. फोनचा सिग्नल एका अँटेनावर पोचतो आणि शेजारच्यावर पोचायला त्याला आणखी दोन सेंटिमीटरच्या थोडं वर जास्त जावं लागतं, म्हणजे बरोब्बर पाव लहर उशीर. हाच उशीर सगळ्या अँटेनांवर मोजला की फोन कुठल्या दिशेला आहे ते गणितानं निघतं. आपल्याला डोळे मिटूनसुद्धा आवाज डावीकडून आला की उजवीकडून ते कळतं ना, दोन कानांच्या फरकावरून, तेच तत्त्व. मग डबा तोच उशीर उलटा लावून सिग्नल परत पाठवतो आणि सगळ्यांची ताकद त्या दिशेला जुळून येते. याला बीम म्हणतात. लेझर नाहीये तो, चांगला रुंद पट्टा असतो, आणि फोनचं काम झालं की दुसऱ्या फोनकडे वळतो, सेकंदाच्या हजाराव्या भागात.

फोनकडून काहीच मागणी नसेल तेव्हा डबा काय करतो? साधारण दर 20 मिलिसेकंदांनी "मी इथे आहे" एवढी छोटी हाक आळीपाळीने वेगवेगळ्या दिशांना देतो, या बँडमध्ये जास्तीत जास्त 8 दिशा, आणि बाकी वेळ बराचसा गप्प. जुने 2जी-4जीचे अँटेना कुणी वापरो न वापरो सगळ्या भागात सिग्नल पसरवत राहायचे, त्या हिशोबाने हा उलट कंजूष आहे. बाबांकडे तो जुना बटणांचा फोन असेल तर या 5जीच्या डब्याला ते घरात आहेत की देवळात गेलेत याचा पत्ताही नसतो.

जाता जाता सांगतो, हे तंत्र काही परग्रहावरून आलेलं नाही. दिशा शोधायच्या गणितात आणि त्यातून पुढे आलेल्या मिमोमध्ये (एकाच वेळी अनेक अँटेनांनी सिग्नल पाठवायचं आणि घ्यायचं तंत्र) ज्यांची नावं मोठी, त्यातले थॉमस कैलाथ पुण्यात जन्मले, पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून 1956 ला बीई झाले. आणि ए. पॉलराज खडकवासल्याच्या एनडीएतले, लोणावळ्याच्या नेव्हीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेले, नौदलासाठी सोनार बनवणारे. समुद्राखाली पाणबुडी कुठे आहे ते आवाजावरून ओळखायचं आणि गर्दीत फोन कुठे आहे ते लहरींवरून ओळखायचं, ही दोन्ही गणितं सख्खी भावंडं. दोघांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात मिमोचं पेटंट 1992 ला फाइल केलं. म्हणजे तुमच्या समोरच्या गच्चीवरच्या डब्याची एक मुळी आपल्या इकडेच आहे, बाबांना सांगा, आवडेल त्यांना.

आता किती पोचतं ते. भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरची मर्यादा आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मर्यादेच्या एक दशांश ठेवली. 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागे 0.45 वॅट, 1800 ला 0.9, आणि 2 गिगाहर्ट्झच्या वर 1 वॅट. आता एक साधं गणित करू. 4जीचा एक पॅनेल 80 वॅट देतोय आणि समोरच्या दिशेला तो 50 पट एकवटतो असं धरा, म्हणजे 4000 वॅटचा परिणाम. 50 मीटरवर हे पसरतं सुमारे 31,400 चौरस मीटरच्या गोलावर, म्हणजे 0.13 वॅट. मर्यादेच्या सातव्या भागाच्या आसपास, आणि हे कधी, तर तुम्ही गच्चीवर बरोब्बर बीमच्या मध्ये उभे आणि टॉवर शंभर टक्के लोडवर असेल तेव्हा. घरात भिंत, काच, ग्रिल, आणि मुख्य म्हणजे उंची. हा बीम उभ्या दिशेने फक्त सहा-सात अंशांचा असतो, त्यामुळे टॉवरच्या अगदी खाली राहणाऱ्यांना सगळ्यात कमी मिळतं. लोकांना हे पटत नाही, ज्यांच्या डोक्यावर टॉवर तेच सगळ्यात जास्त घाबरलेले असतात.

5जीच्या डब्याचं गणित मात्र मी गोड करून सांगणार नाही. 200 वॅट, 250 पट एकवटलं तर 50,000 वॅटचा परिणाम, 50 मीटरवर 1.6 वॅट, म्हणजे कागदावर मर्यादेच्या वर. फक्त ते सगळे वॅट सतत सहा मिनिटं एकाच खिडकीवर रोखलेले असतील तर. प्रत्यक्षात तो काही वेळ स्वतः बोलतो काही वेळ फोनचं ऐकतो, ताकद अनेक फोनमध्ये वाटली जाते आणि दिशा सारखी बदलते, म्हणून सरासरी त्याच्या बरीच खाली येते, आणि मर्यादा सहा मिनिटांच्या सरासरीवरच असते. तरीपण तुमची खिडकी डब्याच्या बरोब्बर समोर, त्याच उंचीवर आणि 25-30 मीटरच्या आत असेल तर मी सांगेन की रीतसर मोजून घ्या. तुमचा दुसरा मजला आणि डबा समोरच्या सातव्या मजल्याच्या गच्चीवर असेल तर मोजणीचा पैसा आईच्या तपासण्यांना वापरा.

मोजायचं कसं? दूरसंचार विभागाचं तरंग संचार नावाचं पोर्टल आहे, 2017 ला सुरू झालं, त्यावर तुमच्या भागातले टॉवर नकाशावर दिसतात आणि नियमात बसतात की नाही तेही. घराजवळ येऊन मोजून द्या असा अर्जही करता येतो, सुरू झालं तेव्हा फी 4,000 रुपये ठेवली होती, आत्ताची पोर्टलवरच बघून घ्या. मोजायला येतात त्यांच्याकडचा मीटर म्हणजे ट्रायपॉडवर सगळ्या दिशांचं एकदम घेणारा गोल प्रोब आणि प्रत्येक बँड वेगळा दाखवणारं मशीन, सहा मिनिटांची सरासरी. तुम्ही जो दोन-तीन हजारांचा मागवताय तो एका क्षणाचा सगळ्यात उंच आकडा पकडतो आणि लाल दिवा लावून पीं पीं करतो. कुठल्या बँडचा, कुठून आला, काही कळत नाही. मी घरांमध्ये बघितलंय, आजोबा मीटर घेऊन खिडकीशी उभे, लाल दिवा लागला की "बघा!" आणि त्यांच्याच झब्ब्याच्या खिशातला फोन त्या क्षणी व्हॉट्सअॅप उतरवून घेत असतो. फोन काढून दुसऱ्या खोलीत ठेवला की मीटर हिरवा. मग तोच मीटर बेडच्या डोक्याशी ठेवलेल्या वायफाय राउटरजवळ नेला की परत लाल. मीटर नका घेऊ, नुसती धास्ती वाढते.

फुल काड्यांचं म्हणाल तर बाबांचा तर्क समजतो पण तो नेमका उलटा आहे. अँड्रॉइडवर *#*#4636#*#* दाबलं की बऱ्याच फोनमध्ये डीबीएमचा म्हणजे पोचणाऱ्या सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो. उणे 80 आला तर काड्या फुल, आणि उणे 80 म्हणजे वॅटचा शंभर अब्जावा भाग. तो सिग्नलच्या एका बारीक तुकड्याचा आकडा असतो, पूर्ण 5जी बँड धरला तरी वॅटच्या कोट्यवधीव्या भागात राहतो. उलट फोन स्वतः काय करतो ते बघा. 4जीचा फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॅट पाठवतो, आणि टॉवर छान दिसत असेल तर उतरत उतरत मिलिवॅटच्या दहा हजाराव्या भागापर्यंत येऊ शकतो. म्हणजे काड्या फुल असतील तर फोन कुजबुजतो, एक काडी असेल तर बोंब मारतो, आणि तो कानाला लावलेला असतो. डोक्यात जी काही ऊर्जा जाते तिच्यातला मोठा वाटा स्वतःच्या फोनचाच असतो, समोरच्या टॉवरचा नाही. यामुळे टॉवर हटवला की राहिलेल्या लोकांचे फोन जास्त ताकदीने चालायला लागतात, आणि ज्यांनी खिडक्यांना चांदीची फॉइल लावली त्यांचे तर सगळ्यात जास्त. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

तर बाबांसाठी करायचं काय, तर स्पीकरवर किंवा वायरच्या हेडफोनवर बोलायचं, घरात सिग्नल कमी असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करायचं, आणि फोनचा एसएआर (शरीरात किती ऊर्जा शोषली जाते तो आकडा) बघायचा असेल तर *#07# दाबायचं, आपल्याकडे मर्यादा किलोमागे 1.6 वॅट आहे. सिग्नल वाढवणारे बूस्टर म्हणून जे डबे ऑनलाइन मिळतात ते मात्र चुकूनही आणू नका, परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि एका घरातल्या बूस्टरने अख्ख्या गल्लीचं नेटवर्क खराब झालेलं आम्ही अँटेना घेऊन शोधत फिरलोय.

पेसमेकर. इथे काळजी करण्यासारखं आहे, पण टॉवरची नाही, हाताच्या अंतरावरच्या वस्तूंची. फोन पेसमेकरपासून 15 सेंटिमीटर म्हणजे सहा इंच लांब ठेवायचा, शर्टाच्या डाव्या खिशात तर अजिबात नाही (पेसमेकर बहुधा डाव्या बाजूला असतो, बाबांचा कुठे आहे ते बघा) आणि बोलताना दुसऱ्या बाजूचा कान वापरायचा. यात लहरींपेक्षा मला चुंबकाची जास्त काळजी वाटते. ज्या फोनच्या पाठीला चार्जर चुंबकाने चिकटतो, तसेच काही इअरबडच्या डब्या, पाकिटासारखी चुंबकाची कव्हरं, ही पेसमेकरच्या अगदी जवळ आली तर तो तात्पुरता वेगळ्या मोडमध्ये जाऊ शकतो, 2021 मध्ये आयफोन 12 बद्दल डॉक्टरांनी हे दाखवून दिलं. इंडक्शन शेगडीपासूनही दोन फूट लांब राहायचं. नातवाचा फोन घेऊन बाबा छातीवर ठेवून झोपत असतील तर तो समोरच्या टॉवरपेक्षा मोठा विषय आहे.

आणि एक गोष्ट फार कमी घरांना माहीत असते. पेसमेकर स्वतः नोंद ठेवतो. बाहेरून काही गडबड झाली, त्याला बाहेरचा विद्युत गोंधळ (नॉइज) दिसला, ठोके वेगळे झाले, तर बऱ्याच मॉडेलमध्ये ते तारीख-वेळेसह साठवलेलं असतं आणि चेकअपला तंत्रज्ञ प्रोग्रामर नावाच्या यंत्राचा हातात धरायचा भाग छातीवर ठेवून ते वाचतो. पुढच्या चेकअपला सरळ विचारा, टॉवर चालू झाल्यापासून काही इंटरफिअरन्सची नोंद आहे का, प्रिंट द्या. नोंद नसेल तर बाबांना तो कागद दाखवा, माझ्या हजार शब्दांपेक्षा त्याचा उपयोग होईल. असेल तर डॉक्टर वेळ बघून सांगतील तेव्हा काय चालू होतं.

जाता जाता, आईला किंवा बाबांना कानाचं मशीन असेल तर जुन्या 2जी फोनने त्यात गुर्र असा आवाज येतो, तो खरा असतो, मनाचा नाही, सेकंदाला 217 वेळा फोन चालू-बंद होतो त्याचा तो आवाज. 4जीवर गेलं की बहुतेक वेळा कमी होतो. मशीन घेताना मोबाइलसोबत चालतं का, एम3 किंवा एम4 रेटिंग आहे का विचारायचं.

आता आई. झोप नाही, डोकं जड. हे खोटं आहे, वेड आहे, वय झालंय असं मी कधीच म्हणत नाही आणि घरच्यांनीही म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेचं 2005 पासूनचं म्हणणंही तेच आहे की त्रास खरा असतो, फक्त तो लहरींमुळे होतो याला आधार सापडलेला नाही. असे प्रयोग पुष्कळ झालेत ज्यात त्रास होतो म्हणणाऱ्या लोकांना खोलीत बसवून सिग्नल कधी चालू कधी बंद करायचा आणि त्यांनाही माहीत नाही, प्रयोग करणाऱ्यालाही नाही. डोकं दुखायचं, धडधडायचं, पण सिग्नल बंद असतानाही तितकंच. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ क्रेगावॉन नावाच्या वस्तीत लोकांनी टॉवरमुळे पुरळ, डोकेदुखी, निद्रानाश अशा तक्रारी केल्या आणि नंतर कंपनीने सांगितलं की टॉवर तर सहा आठवड्यांपासून बंदच होता. ही 2010 च्या सुमाराची गोष्ट. हसण्यासारखी नाहीये, भीतीने खरोखर झोप जाते.

पण माझा अनुभव असा की टॉवरवाल्या तक्रारींमध्ये काही वेळा टॉवरच दोषी असतो, फक्त लहरी नसतात. गच्चीवर डब्यासोबत काय येतं ते बघा. कपाटाएवढी कॅबिनेट, त्यात पंखे जे रात्रभर घुं घुं करतात, कधी एसी, आणि काही ठिकाणी डिझेल जनरेटर. लाइट गेली की आधी बॅटरी चालते आणि ती उतरली की रात्री दोन-तीनला जनरेटर धडधड सुरू. त्याची थरथर स्लॅबमधून उतरते, धूर खालच्या खिडक्यांत. आपल्याकडे राहत्या भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. म्हातारपणी झोप आधीच पातळ असते, त्यात ही बारीक घरघर, जी तरुणांना ऐकूही येत नाही कारण ते एसी लावून झोपतात. एक रात्र आईच्या खोलीत तुम्ही स्वतः झोपा, पंखा बंद करून, खिडकी उघडी ठेवून, आणि ऐका. आवाज असेल तर वेळ लिहून ठेवा आणि समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी द्या, ऐकलं नाही तर महानगरपालिका आणि पोलीस. या तक्रारीत ताकद आहे, कारण आवाज कुणालाही मोजता येतो. रेडिएशनची तक्रार केलीत तर कंपनी प्रमाणपत्र काढून दाखवेल आणि विषय तिथेच संपेल, घरघर तशीच राहील.

आवाज नसेल तर डॉक्टर. एका सोसायटीत एक काका चक्कर येते म्हणून वर्षभर टॉवरवाल्यांशी भांडत होते, घरात फॉइल, बेडवर जाळी, मुलाने सगळं करून दिलं. मी मोजलं तर मर्यादेच्या एक टक्काही नव्हता. नंतर एकदा पडले तेव्हा रक्त तपासलं तर सोडियम खाली गेलेलं, बीपीच्या गोळीचा परिणाम. वर्षभर कुणी रक्तच तपासलं नव्हतं कारण सगळ्यांना कारण माहीत होतं ना. मला टॉवरच्या भीतीचा खरा राग येतो तो इथे. बीपी बसून आणि उभं राहून, साखर, थायरॉइड, सोडियम, गोळ्यांच्या वेळा (लघवीची गोळी संध्याकाळी घेतली तर झोप कुठून येणार), घोरणं, दुपारची झोप, हे सगळं एकदा बघून घ्या.

कॅन्सरचं विचारलं नाहीत पण मनात असेलच. 2011 मध्ये आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरींना "शक्यता असू शकते" अशा 2बी गटात टाकलं, म्हणजे पुरावा मर्यादित, दार उघडं ठेवलं. 2024 ला जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही. भौतिकशास्त्राच्या बाजूने, 3.5 गिगाहर्ट्झच्या एका कणात डीएनए तोडायला लागते त्याच्या काही लाखपट कमी ऊर्जा असते. गरम करू शकतो तो, म्हणूनच मर्यादा आहेत. तरुण वयापासून रोज तासन् तास कानाला फोन लावणाऱ्यांवर अभ्यास चालू राहावा हे माझंही मत, पण 71 व्या वर्षी समोरच्या डब्यामुळे रात्र जागून काढण्याइतकं त्यात काही नाही.

स्टिकर. नका घेऊ. तो लहरी अडवत असेल तर फोन जास्त जोर लावेल, अडवत नसेल तर पैसे गेले. गळ्यातली "5जी संरक्षण" लॉकेटं त्याहून वाईट, डिसेंबर 2021 मध्ये नेदरलँड्सच्या सरकारी यंत्रणेने तपासली तर त्यातली काही चक्क किरणोत्सारी निघाली, म्हणजे नसलेल्या रेडिएशनपासून वाचायला खरं रेडिएशन गळ्यात. आपल्याकडे 2020 ला शेणाची चिपही आली होती, तिच्याबद्दल काही बोलत नाही.

आणि बाबांना एक सांगून ठेवा. "तुमच्या गच्चीवर टॉवर बसवा, महिन्याला 50 हजार भाडं, आधी रजिस्ट्रेशनचे एवढे भरा" असा फोन किंवा मेसेज आला की कट करायचा. ट्राय (दूरसंचार नियामक) किंवा दूरसंचार विभाग असे पैसे कधीच मागत नाही, आणि यात फसणारे बहुतेक रिटायर्ड लोकच असतात.

मजला, खिडकीची दिशा आणि डब्यापर्यंतचं अंदाजे अंतर कळवा, खिडकीतून काढलेला एक फोटो टाका, मोजून घ्यायची गरज आहे की नाही ते त्यावरून सांगता येईल.